हुद्द्यासकट नाव

आनंदराव : पण अकरा रुपये तुझ्याच नावाने आले होते, विभा. मी ते फळ्यावर लिहिले. कोषाध्यक्ष म्हणून लिहायलाच बसवलंय मला तिथे.

विभा : सर, मी नाही कुठे म्हणते? मतलब, आलेच होते. पण आता तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या की फळ्यावरची विभा दिघे मी नाही. दुसरी कुणी आहे.

आनंदराव : जयपुरात विभा दिघे किती आहेत?

विभा : माझ्याशिवाय कुणी नाही.

आनंदराव : मग?

रत्नप्रभा : अहो, पोरीला आधी टेकू तर द्या. सोडाल्याहून सायकल मारत आली आहे ती, रविवारची, एवढ्या थंडीची. विभा, ती चारपाई ओढ इकडे उन्हात. आणि हे मटार घे सोलायला. हाताला काही असलं की तोंडाला सुचतं.

विभा : द्या काकू.

आनंदराव : आता पहिल्यापासून सांग. ऑफिसातून काय आलंय?

विभा : मेमो. काल दुपारी दिला, ऑफिस सुटताना. इंग्रजीत आहे. लिहिलंय की पेपरातल्या फोटोवरून असं दिसतं की तुम्ही निवडणुकीच्या उमेदवाराला पैसे दिले. सरकारी नोकराला ते चालत नाही. तर नोकरीवरून का काढू नये, ते मंगळवारपर्यंत लिहून द्या.

रत्नप्रभा : अकरा रुपयांसाठी नोकरी?

विभा : मी टेम्पररी आहे ना काकू. पाचच महिने झालेत. टेम्पररीला काढायला त्यांना एक कागद पुरतो. टाइपसुद्धा मलाच करायला देतील.

आनंदराव : आणि फोटो कुठला म्हणतेस?

विभा : हा बघा, कापून आणलाय. तुमचे उमेदवार नंदकिशोरजी कचेरीबाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवून उभे आहेत, गळ्यात हार. त्यांच्या कोपराच्या बरोबर खाली मी आहे. ‘कु. विभा दिघे, लिपिक, केंद्र सरकार, रुपये अकरा.’ बाकीची नावं पुसट आली आहेत. माझंच एकदम साफ वाचता येतं.

रत्नप्रभा : ह्यांचं अक्षर. साताऱ्याला म्हणे शाळेत बक्षीस मिळालं होतं ह्यांना त्या अक्षराचं.

आनंदराव : रत्ना, आत्ता नको.

रत्नप्रभा : मी कौतुकच करून राहिले.

विभा : सर, ऑफिसात कुणीतरी हा फोटो साहेबांच्या टेबलवर ठेवला. लाल पेन्सिलनी गोल करून. माझ्या जागेवर आपल्या भाच्याला लावायचंय असे दोन जण आहेत आमच्याकडे. त्यांच्यातलाच असेल कुणी. नाही तर कुणाला काय पडलंय अकरा रुपयांचं.

आनंदराव : हे बघ, फळा ही माझी अट होती. तुला ते ठाऊक नसेल. वकीलसाहेब, म्हणजे नंदकिशोरजी, इथेच येऊन बसले होते, ह्याच गच्चीवर. म्हणाले, मास्टरजी, मी अपक्ष उभा राहतोय, माझ्यापाशी पक्ष नाही, शेठ नाही. तुम्ही ह्या गावात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलंत, बाजारात तुमच्या नावाला कुणी बोट लावत नाही. माझा पैसा तुम्ही सांभाळा. मी म्हटलं, एका अटीवर. आपल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला वर्गणीची यादी लावतात, तशी मी कचेरीबाहेर लावणार. नाव, हुद्दा, रक्कम. बिननावाचा पैसा घेणार नाही. चार आणे असोत नाही तर चार हजार.

रत्नप्रभा : चार हजारवाले आले नाहीत ते आलेच नाहीत. एक शेठजी मात्र घरी येऊन गेले. मी चहा दिला. म्हणाले, मास्टरजी, आमच्यात गुप्तदानाचं पुण्य मोठं, नाव लिहिलं की ते अर्धं होतं. मला वाटलं, केवढा भला माणूस. मागाहून कळलं, ह्याने तिन्ही उमेदवारांना द्यायचं ठरवलं होतं आणि तिघांनाही एकमेकांचं कळायला नको होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे.

आनंदराव : मी त्यांना परत पाठवलं.

रत्नप्रभा : पाठवलंत. पाकीट घेऊन ते इथून गेले. पुढे कुठे गेले ते तुम्ही विचारलं नाही.

आनंदराव : विभा, तू पैसे दिलेस तेव्हा तुला हा नियम माहीत नव्हता?

विभा : सर, पैसे मी नाही दिले. आईनी दिले.

आनंदराव : हो, आक्काबाईच आल्या होत्या. पण तुझ्या नावाने.

विभा : तेच तर. आईचं तुम्हाला माहीत आहे ना. बाबा गेल्यानंतर ती दरवर्षी मंडळात माझ्या नावानी सव्वा रुपया द्यायची. तिच्या नाही, माझ्या. यादी लागली की मला उचलून दाखवायची, हे बघ तुझं नाव. मला नोकरी लागली सप्टेंबरात. पगार हातात आला तोपर्यंत गणपती होऊन गेले होते. मग तिनी त्यातले अकरा रुपये देवाजवळ काढून ठेवले. पुढच्या गणपतीला देऊ म्हणून. आणि जानेवारीत ती चांदपोलला भाजी आणायला गेली, तर तिथे कचेरीबाहेर तिला तुम्ही दिसले. खडू घेऊन यादी लिहिताना.

रत्नप्रभा : अगं बाई.

विभा : तिला काय माहीत, काकू. सबनीस मास्तर यादी लिहून राहिलेत, मतलब वर्गणी आहे. ती घरी आली, देवाजवळचे पैसे घेतले आणि परत गेली.

आनंदराव : मी त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, आक्काबाई, ही गणपतीची नव्हे, निवडणुकीची आहे. त्या म्हणाल्या, कशाची का असेना, लिहिताय तुम्ही ना? मग चांगलीच असणार. आणि म्हणाल्या, नुसतं नाव नको, पोरगी सरकारी हापिसात लागली आहे, तेही लिहा.

रत्नप्रभा : आणि तुम्ही लिहिलंत.

आनंदराव : मंडळात हुद्दा लिहितातच. बँकवाल्यांपुढे बँक, विमावाल्यांपुढे विमा. मला त्यात काही गैर वाटलं नाही. सरकारी नोकराला मनाई आहे हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. खाजगी कॉलेजात आम्हाला असले नियम लागले नाहीत कधी.

रत्नप्रभा : मग सोपं आहे की हो. पैसे आईने दिले, मुलीला पत्ताच नव्हता. तेवढं लिहून द्या आणि मोकळी करा तिला. दुसरी विभा दिघे कशाला जन्माला घालता?

आनंदराव : विभा, तुला पत्ता नव्हता?

विभा : का विचारता, सर?

आनंदराव : मी विचारतोय कारण मला सही करायची आहे.

विभा : होता, सर. त्याच दिवशी संध्याकाळी आई घेऊन गेली मला, दाखवायला. समोरच्या पानवाल्याजवळ उभे राहून आम्ही बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या रस्त्यावर माझं नाव, सगळे येता-जाता वाचतात. आई तर आता रोज तिकडूनच भाजी आणते. सोडाल्यात मिळते तरी.

रत्नप्रभा : हे तुला कुणी विचारलं होतं का? शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पोटात ठेवायचं होतं.

विभा : सरांनी विचारलं ना.

आनंदराव : मग ‘तिला माहीत नव्हतं’ हे मला लिहिता येणार नाही. मला फार वाईट वाटतंय, पण नाही लिहिता येणार. त्या फळ्याची सगळी किंमत एवढ्यातच आहे की तिथे मी लिहिलेलं खरं असतं. उद्या त्याच हाताने मी खोटं लिहून द्यायचं?

विभा : ठीक आहे, सर.

रत्नप्रभा : काय ठीक आहे? तुझा पगार किती?

विभा : एकशे सदतीस.

रत्नप्रभा : आणि घरात कोण कोण त्यावर?

विभा : आई, मी. आणि दिलीप. तो अकरावीत आहे. घरमालकाला मी जानेवारीपासून भाडं वाढवून द्यायचं कबूल केलंय. पक्की नोकरी होईल म्हणून केलं.

रत्नप्रभा : ऐकलंत? आता मी एक विचारते. फळ्यावरची बेरीज किती झाली कालपर्यंत?

आनंदराव : सहाशे बारा रुपये, चार आणे.

रत्नप्रभा : माणसं किती?

आनंदराव : चौऱ्याहत्तर.

रत्नप्रभा : आणि जीपा किती?

आनंदराव : रत्ना.

रत्नप्रभा : जीपा किती, विचारून राहिले मी.

आनंदराव : चार.

रत्नप्रभा : चार जीपा. तीन आठवडे झाले, सकाळी सातला सुरू होतात ते दिवे लागेपर्यंत. वर भोंगे. त्या पेट्रोल पितात की वाऱ्यावर चालतात?

आनंदराव : तुझं नागपूर निघालं बाहेर.

रत्नप्रभा : निघू द्या. मंडळाच्या जेवणाला किती किलो तूर लागेल ते तुम्ही पान मांडायच्या आधी सांगता. दोन मुठी इकडे-तिकडे होत नाही. मग ह्या चार जीपांचं गणित तुम्हाला कसं सुचलं नाही, एवढंच मला समजून घ्यायचंय.

आनंदराव : सुचलं होतं.

रत्नप्रभा : कधी?

आनंदराव : दुसऱ्याच आठवड्यात. आलेले सगळे पैसे नुसत्या पेट्रोलला घातले तरी बारा दिवस पुरत नव्हते. ड्रायव्हर वेगळे, पत्रकं वेगळी, भोंग्याचं भाडं वेगळं. मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘मास्टरजी, गाड़ियाँ दोस्तों की हैं, दोस्ती का हिसाब नहीं लिखा जाता.’ मी म्हटलं, दोस्तांची नावं सांगा, ती लिहितो. ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, कायद्यात बसतं, मी वकील आहे.

रत्नप्रभा : आणि तुम्ही?

आनंदराव : मी फळ्यापाशी जाऊन बसलो.

विभा : सर, तुम्ही तेव्हाच सोडलं का नाही?

आनंदराव : खरं सांगू? फळा चांगला चालला होता. लोक थांबून वाचायचे. एक शेंगदाणेवाला चार आणे देऊन गेला आणि तीन दिवस रोज येऊन बघायचा, अजून आहे ना म्हणून. मला वाटलं, गाड्यांचं काहीही असो, एवढा एक कोपरा तरी स्वच्छ राहील. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक मला गणित सोडून दुसऱ्या कशासाठी नमस्कार करत होते. ते आवडलं मला.

रत्नप्रभा : परवा मी माणक चौकातली सभा ऐकली, ह्यांना सांगितलं नाही. वकीलसाहेब म्हणत होते, ‘मेरी एक-एक पाई उस तख़्ते पर लिखी है, जाकर पढ़ लीजिए, वहाँ सबनीस मास्टरजी बैठे हैं.’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, मास्टरजी बसलेत म्हणजे खरंच असणार. मला तिथून उठून यावंसं वाटलं, पण गर्दी होती.

आनंदराव : हे तू मला सांगायला हवं होतंस.

रत्नप्रभा : तुम्हाला माहीत होतं की. आत्ताच म्हणालात. तुम्ही सांगितलं नाहीत, मी सांगितलं नाही. आपण दोघं शहाणी. पण ह्या पोरीचं काय चुकलं सांगा मला. शेठजी सुटले, जीपवाले सुटले, वकीलसाहेब निवडून येतील. धरली कोण, तर पहिल्या पगारातले अकरा रुपये देणारी. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. मला राग येतो, विभा. ह्यांचा येतो आणि माझाही येतो.

विभा : काकू, सरांना नका बोलू. मी जाते. मंगळवारी मी काहीतरी लिहून देईन. माफी मागेन.

आनंदराव : बस. माफी मागितलीस तर कबूल केल्यासारखं होईल, मग त्यांना काढावंच लागेल. रत्ना, खालून दौत आण. आणि चांगले कागद, रेघांचे नकोत.

(आनंदराव बराच वेळ लिहितात. एक कागद फाडतात, दुसरा घेतात. दोघी मटार सोलत राहतात.)

आनंदराव : इंग्रजीत लिहिलंय, मराठीत सांगतो. ऐक नीट. ‘सदर रक्कम कु. विभा दिघे यांनी आणून दिली नाही, त्यांच्या मातोश्रींनी आणून दिली. पावती मातोश्रींनीच घेतली. कु. दिघे यांचं नाव आणि हुद्दा मी मातोश्रींच्या सांगण्यावरून लिहिला. लिहिण्यापूर्वी मी कु. दिघे यांना विचारलं नाही. विचारणं माझं कर्तव्य होतं, ते मी केलं नाही, ही चूक सर्वस्वी माझी आहे. कु. दिघे आमच्या निवडणूक कचेरीत कधीही आलेल्या नाहीत.’

विभा : आम्ही बघायला गेलो होतो ना, सर, त्या संध्याकाळी.

आनंदराव : कचेरीत आला होतात?

विभा : नाही. पानवाल्याजवळूनच बघितलं.

आनंदराव : मी कचेरीतच लिहिलंय.

विभा : आणि पैसे माझ्या पगारातले होते, ते?

आनंदराव : ते त्यात नाही.

विभा : मला माहीत होतं, ते?

आनंदराव : तेही नाही.

विभा : मतलब, ह्यात खोटं काहीच नाही.

आनंदराव : नाही. फळ्यावरही एक अक्षर खोटं नव्हतं.

रत्नप्रभा : द्या इकडे, मी घडी करते. तुमचा हात शाईचा आहे. विभा, पाकीट नीट बंद कर, आणि उद्याच दे, मंगळवारची वाट बघू नकोस. साहेब कसे आहेत तुमचे?

विभा : वाईट नाहीत. मद्रासचे आहेत. मेमो देताना माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, मला वरून विचारलं तर उत्तर लागेल, म्हणून देतोय.

आनंदराव : मग हा कागद त्यांना पुरेल. असल्या माणसाला फाइलीत लावायला काहीतरी हवं असतं. आणि नाहीच पुरला तर मी येईन. त्यांच्यासमोर उभा राहीन आणि सांगेन, मास्तरने चूक केली आहे, मुलीला कशाला शिक्षा. अठ्ठावीस वर्षं मुलांना उभं केलंय, एकदा आपण उभं राहायला हरकत नाही.

विभा : सर, आणि फळ्यावरचं नाव?

आनंदराव : ते आज दुपारी पुसतो. त्याखेरीज एक ओळ वाढवायची आहे. ‘जीपा चार. देणाऱ्याचं नाव, हुद्दा, रक्कम : कोषाध्यक्षाला सांगितलेली नाही.’ खाली सही करतो, वही आणि पैसे वकीलसाहेबांच्या मुनीमाच्या हातात देतो, आणि घरी येतो.

रत्नप्रभा : पाच मिनिटांत पुसतील.

आनंदराव : पुसू दे.

रत्नप्रभा : वकीलसाहेब पुन्हा तोंड बघणार नाहीत तुमचं. ह्या गच्चीवर येऊन चहा प्यायले होते चार वेळा.

आनंदराव : साखर वाचेल.

रत्नप्रभा : तुम्ही ती ओळ दुसऱ्याच आठवड्यात लिहिली असती तर…

आनंदराव : तर नंदकिशोरजींनी दुसरा कोषाध्यक्ष बघितला असता, फोटो निघाला नसता, आणि ही पोरगी आज घरी न्हायला बसली असती. केलंय मी ते गणितही. आता बोलू नकोस त्यावर.

रत्नप्रभा : नाही बोलत. जेवायला या मात्र वेळेवर. मटार-भात करते. विभा, तूही थांब.

विभा : नको काकू, आई वाट बघत असेल. तिला मी मेमोचं काही सांगितलं नाहीये. उद्या ती भाजीला जाईल आणि नाव दिसणार नाही तिला. काय सांगू?

आनंदराव : सांग, सबनीस मास्तरांनी चुकीच्या यादीत लिहिलं होतं म्हणून पुसलं. आणि हे अकरा रुपये ने. वहीत मी माझ्याकडून भरपाई दाखवीन.

विभा : ती नाही घेणार, सर. एकदा दिलेलं परत नाही घेत ती.

रत्नप्रभा : मग माझ्यापाशी राहू दे. गणपतीला मी भरते मंडळात, तिच्याच हाताने भरवते. पण ह्या वेळी यादी मी लिहीन. माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही.

विभा : निघते मी. सर, तुमचे उपकार…

आनंदराव : उपकार कसले. जा, ऊन आहे तोवर जा.

विभा : एक विचारू का, सर? पुढच्या आठवड्यात वोट आहे. माझं पहिलंच. आई म्हणत होती, मास्तर ज्यांच्याकडे बसलेत त्यांनाच द्यायचं. आता मी कुणाला देऊ?

आनंदराव : ते कुणाला विचारायचं नसतं, विभा. आणि दिल्यावर कुणाला सांगायचंही नाही. मला तर मुळीच नाही.